कोचीच्या मरीनातून उत्तरेकडे निघताना: तारीख कशी ठरवावी?

शिडाखाली

नमस्कार. आमची ३४ फुटी शिडाची नौका पावसाळ्याच्या आधीपासून कोचीला, बोलगाट्टी बेटावरच्या मरीनात उभी आहे. नौका फायबरग्लासची, एका डोलकाठीची असून तिला तरंगायला पावणेदोन मीटर पाणी लागते. आता ती गोव्यामार्गे मुंबईला न्यायची आहे. कोची ते मुरगाव सुमारे ३५० सागरी मैल आणि तेथून मुंबई आणखी सुमारे २३० मैल, म्हणजे हा काही महासागर ओलांडण्याचा बेत नव्हे. नौकेवर मी आणि पत्नी असे दोघेच असतो. रात्रीच्या पाळ्यांना आणखी एक माणूस असावा म्हणून गोव्यापर्यंत भाचा बरोबर येणार आहे.

तयारी झाली आहे आणि तरी निघणे होत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी या मरीनात कधी मुक्काम केला असेल त्यांना कारण समजेल. शेजारच्या बर्थवरील (नौका बांधण्याच्या जागेवरील) फ्रेंच जोडप्याने अर्धे जग शिडावर पाहिले आहे, आणि आमच्या डोलकाठीच्या तारा, पिना व कड्या त्यांनी न सांगता एकेक करून तपासून दिल्या. आम्ही पुण्याला गेलो की दोर सैल-घट्ट करण्याचे काम येथील कर्मचारी आपणहून करतात. पावसाळ्यातल्या एका वादळी रात्री ते पुन्हा पुन्हा येऊन नौका पाहून गेले, हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून कळले. संध्याकाळी पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, निरनिराळ्या देशांची माणसे जमतात, कोणाकडे मीन करी (माशाची आमटी) असते, आमच्याकडे पोहे. अशा ठिकाणाहून निघण्याची तारीख दर वेळी एखाद्या चांगल्याच कारणाने पुढे जाते. सध्या ती नाताळानंतरची आहे. परंतु फोर्ट कोचीला ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात तो पाहिल्याशिवाय जायचे नाही, असा आग्रह आतापासूनच सुरू झाला आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उत्तरेकडे जाण्यासाठी या किनाऱ्यावर योग्य काळ कोणता आणि उशीर झाला तर काय किंमत मोजावी लागते? किनाऱ्याजवळून टप्प्याटप्प्याने जावे की बाहेरून सरळ गोवा गाठावा? आणि अशा ठिकाणाहून निघण्याची काही रीत असते का, की दोर सोडायचे आणि जायचे एवढेच?

मिऱ्याबंदर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समुद्राने आधीच देऊन ठेवले आहे, त्यामुळे तेथे आपल्या मनाला फारसा वाव नाही.

साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून याच प्रवाहाबरोबर वर सरकते. उन्हाळा लागताना प्रवाह फिरू लागतो आणि पावसाळ्यात तो दक्षिणवाही असतो. त्याचा वेग फार नसतो. पण अर्धा नॉट (तासाला अर्धा सागरी मैल) जरी साथीला धरला तरी चोवीस तासांत १२ मैल फुकटचे मिळतात, आणि तोच प्रवाह उलटला की १२ मैल हातचे जातात. तुमच्या आकाराची नौका दोन माणसांच्या हिमतीवर दिवसरात्र मिळून शंभर मैल गेली तरी पुष्कळ, म्हणजे हा फरक जवळजवळ चौथाईचा आहे.

वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते आणि मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा सुटतो. तो पूर्वेकडून येत असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या नौकेला बाजूने मिळतो आणि शिडाला याहून सोयीचा वारा नाही. सकाळी दहाच्या सुमारास तो मरतो, दोन-तीन तास समुद्र आरशासारखा होतो, आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा थेट नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) येतो. म्हणून पहाटे निघावे, दुपारपर्यंत जेवढे मिळेल तेवढे घ्यावे आणि मग एक तर आसरा गाठावा किंवा वाऱ्याशी तिरके धरून वेळ काढावा, असा येथला रिवाज आहे. फेब्रुवारी सरता सरता मतलई दुबळा होत जातो आणि वायव्येचा जोर वाढतो. मार्चमध्ये कोकणात दुपारनंतर उत्तरेकडे शीड घेऊन जाणे म्हणजे अंग शेकून घेणे आहे. तुम्ही विचारलेली उशिराची किंमत ही अशी आहे.

फार लवकर निघण्यातही धोका असतो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ उद्भवले आणि लक्षद्वीपवरून वळून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट गुजरातच्या दिशेने आले. केरळ आणि तमिळनाडूचे किती मच्छीमार त्यात गेले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच वादळात भरकटलेल्या ६८ नौका ९५२ माणसांसह देवगडच्या बंदरात सुखरूप लागल्या होत्या. सांगायचा मुद्दा असा की, डिसेंबरचा पहिला पंधरवडा अरबी समुद्रावर पुरता विश्वास टाकण्याचा नाही. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत मात्र याहून बरा काळ वर्षभरात मिळत नाही. पप्पांजी जाळून निघालात तरी चालेल. आलुव्याची शिवरात्र पाहून निघू नका, आणि तो आग्रहही होईलच.

उल्का_ब

तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे देणारे येथे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे मुहूर्त एका दिवशी आणि प्रत्यक्ष निघणे दुसऱ्या दिवशी असले की प्रस्थान ठेवत असत. गाठोडे घरातून बाहेर पडून शेजाऱ्याकडे जात असे आणि प्रवास सुरू झाला असे समजत. नौकेच्या बाबतीत मी हेच करायला सांगेन. मरीनाचा हिशेब पुरा करा, निरोप घ्या, आणि त्या दिवशी समुद्रात न जाता बंदराच्या आतच, बंदर नियंत्रणाला विचारून ते सांगतील त्या जागी नांगर टाकून एक रात्र काढा.

याचे फायदे भावनेपलीकडचे आहेत. महिनोन्महिने पाँटूनला बांधलेली नौका हळूहळू घर होते, म्हणजे फळीवर कुंडी येते, केबिनमध्ये पंखा येतो, किनाऱ्याची वीज गृहीत धरली जाते आणि बॅटऱ्या स्वतःच्या बळावर किती तास चालतात हे कोणी पाहत नाही. नांगरावरच्या एका रात्रीत या सगळ्याचा उलगडा होतो. नांगराची साखळी महिनोन्महिने पेटीत पडून गंजलेली असते आणि तिला चढवणारे यंत्र ऐन वेळी अडते. ते तेथे अडले तर मदतीला मरीना हाकेच्या अंतरावर असतो. सामान हलण्याजोगे कोठे राहिले ते पहिल्या फेरीबोटीच्या लाटेनेच कळते. शिवाय निरोपाच्या दिवशी मनुष्य थकलेला असतो. निरोप, जेवण, फोटो, शेवटची खरेदी आणि त्यातच पहाटे तीनला उठून बंदराबाहेर पडणे, हे एकत्र करू नये.

दुसरे असे की, मरीनातील माणसांचा जिव्हाळा राहण्याचे निमित्त म्हणून वापरता येतो तसा निघण्यासाठीही वापरता येतो. तारीख मनात ठेवली की ती पुढे जाते, आणि दहा जणांना सांगितली की तीच माणसे तिला धरून ठेवतात. त्या फ्रेंच शेजाऱ्यांना म्हणावे की अमुक दिवसापर्यंत आम्ही निघणार, तेव्हा तोपर्यंत एक दिवस आमच्याबरोबर बंदराबाहेर येऊन शिडे लावून पाहा. ज्यांनी तारा न सांगता तपासल्या ते नाही म्हणणार नाहीत, आणि मग चर्चा "राहा की" यावरून "पुढचे शीड कसे आखूड करता" यावर येते.

अपरांत

मिऱ्याबंदर यांचे प्रवाहाविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण मतलई वाऱ्याच्या भरवशावर किनारा धरून जाण्याला माझा विरोध आहे. कारण एकच, ते म्हणजे जाळी.

केरळपासून कारवारपर्यंत पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्याच्या आत रात्रीच्या वेळी जाळ्यांची संख्या इतकी असते की एकातून सुटावे तो दुसऱ्यात शिरावे. काहींवर लुकलुकता दिवा असतो, काहींवर बांबूला बांधलेले काळे फडके, आणि काहींवर नुसती प्लॅस्टिकची बाटली. नौका ढकलणाऱ्या इंजिनाच्या पंख्यात दोर गेला तर रात्री पाण्यात उतरून तो कापणे हे दोन माणसांच्या नौकेवर करण्याजोगे काम नाही. मी कोचीहून निघताना पश्चिमेकडे तीस-चाळीस मैल बाहेर जाईन आणि तेथून वर चढेन. तेथेही मासेमारी असते, पण विरळ. व्यापारी जहाजे असतात, पण ती एआयएसवर (जहाजांची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर) दिसतात आणि आपणही त्यांना दिसतो. चार दिवसांत गोवा. मध्ये थांबण्याचा प्रश्नच नाही, आणि प्रत्येक बंदरात सागरी पोलिसांना पुन्हा तीच कागदपत्रे दाखवण्याचाही नाही.

मिऱ्याबंदर

अपरांत, चाळीस मैल बाहेर गेल्यावर मतलई वारा तुमच्यापर्यंत पोहोचतो कोठे? तेथे दिवसरात्र उत्तर-वायव्येचाच वारा राहतो, थोडा कमी-जास्त एवढेच. म्हणजे नौका चारही दिवस वाऱ्याविरुद्ध तिरकी धरायची, ३५० मैलांचे पाचशे होणार, आणि दोन-तीन माणसे झोपेविना राहणार. जाळ्यांचा त्रास खरा आहे, पण त्याला उपाय दिवसा जाण्याचा आहे.

बेपूर, मग मंगळूर किंवा माल्पे, मग कारवारच्या अलीकडे एखादा आडोसा आणि मग गोवा, असे टप्पे धरावे. कोची ते बेपूर एकाच दिवसात होणार नाही, ती एक रात्र बाहेर काढावी लागेल. पुढेही मोठ्या टप्प्यांना एखादी रात्र लागेल, पण तुमच्या बहुतेक रात्री नांगरावर जातील. बेपूरला आजही उरू, म्हणजे जुन्या पद्धतीची मोठी लाकडी जहाजे, बांधतात. त्यासाठी एक दिवस ठेवा, हे माझे वैयक्तिक मत.

अपरांत

बेपूर, माल्पे ही नदीच्या मुखाची बंदरे आहेत आणि मुखाशी वाळू असते. अनोळखी ठिकाणी, दुपारचा वारा अंगावर घेऊन, मासेमारी बोटींच्या गर्दीत आत शिरणे हे रात्रीच्या जाळ्यांपेक्षा सोपे आहे असे मला वाटत नाही. खुल्या समुद्रात चूक सुधारायला जागा असते.

निवृत्त_जहाजी

दोघांचेही म्हणणे आपापल्या नौकेपुरते बरोबर आहे. माणसे तीन, त्यातला एक नवखा, आणि मरीनात दीर्घ मुक्काम झालेला, हे धरले तर मी मधला मार्ग सुचवेन. साधारण १० ते १५ मैल बाहेर राहावे. मतलई वारा क्षीण झाला तरी तेथपर्यंत येतो आणि अगदी काठची जाळी चुकतात. रात्री इंजिन शक्य तितके बंद ठेवून शिडावर जावे. पंखा फिरत नसला तर जाळ्याचा दोर बहुधा नौकेखालून निसटतो, फिरत असला की गुंडाळतोच.

आणि चंद्र पाहून निघा. मतलई वारा मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे उजेडही उत्तररात्री हवा. तो कृष्ण पक्षाच्या पहिल्या आठवड्यात मिळतो. चतुर्थी-पंचमीला चंद्र रात्री नऊ-दहाच्या सुमारास उगवून सकाळपर्यंत डोक्यावर असतो. शुक्ल पक्षातल्या चतुर्थीचा चंद्र सुंदर दिसतो, पण कामाच्या वेळी मावळलेला असतो.

आता कोचीच्या मुखाविषयी. बर्थवरून भरतीच्या माथ्यावर निघावे, म्हणजे आतल्या गाळाच्या पाण्यात खोलीची चिंता राहत नाही आणि पुढे ओहोटी तुम्हाला ढकलत बाहेर नेते. हे पहाटे करावे. ओहोटीचे पाणी बाहेर येत असताना समोरून दुपारचा खारा वारा आला तर मुखाशी आखूड, उभी लाट उठते आणि छोट्या नौकेला ती वाईट. एका बाजूला चिनी जाळी, दुसऱ्या बाजूला वैपीन, मध्ये दोन्ही काठांना जोडणाऱ्या फेरीबोटी, आणि त्याच वाटेने वल्लारपाडमला येणारी कंटेनर जहाजे, असा तो मार्ग आहे. बंदर नियंत्रणाला व्हीएचएफ रेडिओवर आधी कळवावे, चॅनेल १६ सतत ऐकत राहावे, आणि खोदलेल्या मार्गाच्या बोयांच्या किंचित बाहेरून, पण नकाशावर खोली पाहून जावे. मोठ्या जहाजाला तेथे वळायला जागा नसते, आपल्याला असते.

जलपर्णी विसरू नका. कोचीमागच्या खाजणातून (बॅकवॉटर) ओहोटीबरोबर तिचे तराफेच्या तराफे वाहत बाहेर येतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गाळणी त्याने तुंबते आणि इंजिन तापते, तेही नेमके फेरीबोटींच्या मध्ये. गाळणीचे झाकण हाताने उघडेल असे ठेवा.

खारा_वारा

बुडाचे काय? कोचीच्या निमखाऱ्या पाण्यात इतके महिने उभ्या असलेल्या नौकेच्या पंख्यावर शिंपल्यांचा थर नक्की असणार. पाणबुड्याकडून घासून घेतल्याशिवाय निघालात तर वर मिऱ्याबंदर यांनी मिळवून दिलेला अर्धा नॉट तेथेच खर्च होईल.

ब्रिस्बेनकर

वाचतो आहे. आमच्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर एक मरीना सोडला की दिवसभराच्या अंतरावर बहुधा दुसरा असतोच, त्यामुळे निघणे हलके असते. विसरलेली वस्तू पुढे मिळते आणि ओळखीही पुढे भेटतात. तुमच्या मार्गावर कोचीनंतर थेट मुंबईपर्यंत पाँटूनला नौका बांधावी, वीज-पाणी जोडावे असे ठिकाण गृहीत धरता येत नाही. म्हणजे तुमचे पाय अडखळतात ते केवळ माणसांमुळे नव्हे. सुटे भाग, गाळण्या, इंजिनाचे पट्टे, स्वयंपाकाचा गॅस आणि पिण्याचे पाणी यांची यादी मुंबईपर्यंतची करा, गोव्यापर्यंतची नव्हे.

शिडाखाली

सर्वांचे मनापासून आभार. आता आमचे काय ठरले ते सांगतो.

उल्काताई, तुमच्या सूचनेप्रमाणे पत्नीने पाँटूनवरच्या फळ्यावर तारीख लिहून टाकली आणि परिणाम तुम्ही म्हणालात तसाच झाला. ती पौष कृष्ण पक्षाच्या आरंभीची, जानेवारीतली आहे, म्हणजे पप्पांजीही पाहून होईल आणि उत्तररात्रीचा चंद्रही मिळेल. फ्रेंच शेजारी बंदराबाहेर येऊन एक अख्खी दुपार आमच्याबरोबर होते. त्यांनी मुख्य शीड आखूड करण्याची आमची पद्धत बदलायला लावली, दोर डोलकाठीपाशी न सोडता मागे सुकाणूजवळ आणवले. रात्री पुढे जाण्याची वेळ त्यामुळे कमी येईल. बूड घासून झाले आहे आणि खारा_वारा यांचा तर्क खरा होता. पंखा ओळखू येत नव्हता.

मार्गाबाबत आम्ही निवृत्त_जहाजी यांचे ऐकले आहे. १० ते १५ मैल बाहेर राहायचे, वारा साथ देईल तोवर पुढे जायचे आणि कोणी थकले तर माल्पेजवळ सेंट मेरी बेटांच्या आडोशाला नांगर टाकायचा. बेपूर सोडून द्यावे लागत आहे याचे मिऱ्याबंदर यांच्याइतकेच मलाही वाईट वाटते. पण एका मरीनातून निघण्याची ही गत असेल तर उरूवाल्यांच्या गावात शिरल्यावर आमचे काय होईल ते सांगता येत नाही.

एक शंका उरली आहे. मुरुडेश्वरच्या समोरचे नेत्राणी बेट आणि कारवार यांच्याजवळून जाताना काय काळजी घ्यावी?

निवृत्त_जहाजी

नेत्राणी नौदल सरावासाठी वापरत आले आहे, त्यामुळे त्याच्या जवळ मुक्काम मनात आणू नका; बाहेरून लांबून जा. कारवारला आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे, अंजदीव बेटही त्याच परिसरात येते, आणि तेथे विनाकारण किनाऱ्याकडे वळलेली नौका विचारपूस ओढवून घेते. गोळीबाराच्या सरावाच्या सूचना नौवहन इशाऱ्यांत येतात. देहरादूनचे जलसर्वेक्षण कार्यालय ते प्रसिद्ध करते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही पाहा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे. तो किनाऱ्यावर थांबलेल्या नातेवाइकांनाही देऊन ठेवा. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर चौकशी वाढली आहे, आणि रेडिओवर विचारणा झाली तर नौकेचे नाव, नोंदणी, माणसे, कोठून कोठे, एवढे शांतपणे सांगितले की बहुतेक वेळा काम होते.

अपरांत

मध्यम मार्ग निवडलात, ठीक आहे. फक्त एक नियम पाळा. रात्री मच्छीमार बोट टॉर्चने खूण करू लागली तर ती तुम्हाला हटकत नसते, आपले जाळे कोठपर्यंत आहे ते दाखवत असते. उजेड ज्या बाजूला फिरतो तिकडे जाळे आहे असे समजून बोटीच्या दुसऱ्या अंगाने जावे.

उल्का_ब

निघताना मरीनातील कर्मचाऱ्यांना काय द्यावे, असा प्रश्न मला व्यक्तिगत निरोपात आला होता; उत्तर येथेच देते. पैसे द्याच, पण त्याबरोबर पुढच्या बंदरांतून खबर द्या. आपण दोर सांभाळलेली नौका पोहोचली का, हे त्यांना बहुतेक वेळा कधीच कळत नाही.

शिडाखाली

गोव्याहून लिहितो आहे. नौका मांडवीत नांगरावर आहे.

प्रस्थानाची रात्र उपयोगी पडली, कारण नांगराची साखळी खरोखरच पेटीत गाठ धरून बसली होती. पहाटे निघालो तेव्हा पाँटूनवरची मंडळी समोरच्या काठावर येऊन उभी होती. त्यांना आदल्या दिवशी एकदा निरोप दिला होता तो पुरला नव्हता. मुखाबाहेर येईपर्यंत गाळणी दोनदा साफ करावी लागली. त्यानंतर मात्र मतलई वाऱ्याने सकाळभर अशी साथ दिली की इंजिनाची आठवणही आली नाही. कण्णूरच्या पुढे जाळी दाट झाली. अपरांत यांचा टॉर्चचा नियम भाच्याने पाठ केला होता आणि त्याच्या पाळीत तो कामी आला. सेंट मेरी बेटांपाशी थांबलो. तेथे हिवाळ्यातही नैर्ऋत्येची मंद फुगार (दुरून येणारी लांब लाट) येते आणि नौका रात्रभर डुलते. मरीनाच्या स्थिर पाण्याला सरावलेल्या आम्हा तिघांनाही झोप लागली नाही. कोचीला मात्र प्रत्येक ठिकाणाहून खबर दिली आहे.

भाचा येथून परत जाईल. पुढे आम्ही दोघेच. मांडवीत ओळखी होऊ लागल्या आहेत आणि मला लक्षणे परिचयाची वाटतात, म्हणून पुढची तारीख लगेच ठरवायची आहे.

मिऱ्याबंदर

जानेवारी सरायच्या आत निघा. पुढचा टप्पा आमचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यानंतर भरती-ओहोटीचा हिशेब बदलतो. कोचीला पाणी जेमतेम एक मीटर चढ-उतार करते, गोव्याला दोनच्या आसपास, आणि उत्तरेला किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ रुंदावत जातो तसे ते वाढत मुंबईला उधाणाच्या दिवशी पाच मीटरच्या घरात जाते. नांगर टाकताना खोली ओहोटीची मोजली असेल तर साखळी भरतीच्या खोलीला धरून सोडा. कोचीची सवय येथे घात करील. वेळेसाठी कोकणातला ढोबळ हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. छापील तक्ता जवळ असू द्याच, पण तिथी लक्षात असली की तक्ता उघडण्याआधी अंदाज येतो.

वेंगुर्ल्याचे खडक बाहेरून घ्या. मालवणला सिंधुदुर्गाभोवती बुडालेले खडक इतके आहेत की स्थानिक माणूस नौकेवर असल्याशिवाय आत शिरू नये. किल्ला पाहायचा तर देवगडला नौका ठेवून रस्त्याने जा. देवगड छोटे पण आडोशाचे आहे. खरा विसावा विजयदुर्ग: किल्ल्याला वळसा घालून वाघोटणच्या खाडीत शिरले की वायव्येचा वारा डोक्यावरून जातो, तळ चिखलाचा आहे आणि नांगर घट्ट धरतो. मराठ्यांच्या आरमाराने ही जागा उगाच निवडली नव्हती. पुढे जयगड, दाभोळ, मुरूड-जंजिऱ्याशेजारची राजपुरी खाडी. अलिबागसमोर चौल कडूचा खडक नकाशावर आधीच खूण करून ठेवा. रायगडपासून उत्तरेला डोल जाळ्यांचे खुंट पाण्यात रोवलेले असतात. तेथून पुढे रात्रीचा प्रवास नको.

अपरांत

विजयदुर्गाबाबत पूर्ण सहमत. या धाग्यावर हे पहिल्यांदाच घडत आहे.

खारा_वारा

दोघांनीच जाणार असाल तर गोवा ते विजयदुर्ग एका दमात करू नका, देवगडला थांबा.

निवृत्त_जहाजी

मांडवीत रमण्याचे भय असेल तर एक उदाहरण पाहा. याच नदीकाठी, दिवाडीच्या बेटावर 'म्हादेई' बांधली गेली आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यावर मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. वाटेत चारच मुक्काम होते: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. केप हॉर्न दक्षिणेच्या उन्हाळ्यातच ओलांडायचे होते, म्हणून प्रत्येक बंदरातला मुक्काम आधी त्या ऋतूला विचारून ठरत होता. मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. तुमचे केप हॉर्न फेब्रुवारीअखेरीचा वायव्येचा वारा आहे.

शिडाखाली

ठरले. पत्नीने येथेही तारीख लिहून टाकली आहे, या वेळी शेजारच्या मच्छीमार नाखव्याच्या केबिनवर, त्याच्याच खडूने. पौर्णिमेनंतरची तृतीया, पहाटेचा मतलई, पहिला मुक्काम देवगड. इंजिनाचा पट्टा आणि दोन गाळण्या पणजीत मिळाल्या आहेत, पाणी उद्या भरतो. विजयदुर्गला पोहोचल्यावर लिहीन.